पाहुण्याच्या खोडातली तार

त्या वृक्षोद्यानात तीन हजारांवर झाडं होती आणि प्रत्येक झाडाच्या अंगावर एक बिल्ला होता. बिल्ला म्हणजे बोटभर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी. तिच्यावर झाडाचा क्रमांक, शास्त्रीय नाव आणि लावल्याचं साल. तो क्रमांक घेऊन कचेरीतली जाडजूड नोंदवही उघडली, की झाडाची सगळी कुंडली हाताशी. बी कुठून आलं, कुणी पेरलं, कधी कीड लागली, कधी फांदी मोडली, सगळं त्यात. बिल्ला हरवला तर झाड तसंच उभं राहतं, पण बागेच्या लेखी ते बेवारस होतं.

हे बिल्ले ठोकायचं आणि बांधायचं काम जिच्याकडे होतं तिला सगळे बिल्लाबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. एकदा तिचा नवरा तिला शोधत फाटकाशी आला आणि त्यानं नाव सांगून विचारलं, तर पहारेकरी म्हणाला, "अशी कुणी इथं नाही बुवा." मग नवऱ्यानं हातवारे करून हातोडी मारून दाखवली, तेव्हा कुठं पहारेकऱ्याची ट्यूब पेटली.

बागेत ती आली तेव्हा बाविशीची होती. काम पडलेली पानं झाडायचं. सकाळी सातला खराटा हातात घ्यायचा तो दुपारी डबा उघडेपर्यंत. वर्षभरानं जुन्या बिल्लेवाल्याची नजर अधू झाली आणि कारकुनानं सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलं?" पाइपवाली, म्हणजे रोपांना पाणी घालणारी, मोठ्या तोंडाची बाई, तिनं हिला कोपरानं पुढं ढकललं. "हिचं बघा. डब्याच्या झाकणावर नाव लिहिलंय ते छापल्यासारखं."

मग तिच्या हाती आली लोखंडी ठशांची पेटी. एकेका अक्षराचा एकेक ठसा, पट्टीवर उभा धरायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. दोन घाव घातले की अक्षर जाडं होतं, घाव चुकला की अंगठा काळानिळा होतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही झालं. महिनाभरात मात्र तिचा हात असा बसला, की कचेरीत बसलेल्या माणसाला नुसत्या ठोक्यांवरून कळावं, आज नाव लांबलचक आहे की आखूड. ती परकी नावं तिला अर्थासकट कळत नसत. तरी बाई ती स्तोत्रासारखी पाठ करी, आणि झाडापुढून जाताना मनात म्हणे. देवाचं नाव घ्यावं तसं.

या तीन हजारांत एक झाड होतं चारशे सतरा क्रमांकाचं. लांबच्या कुठल्याशा डोंगरदरीतून सहा बिया आल्या होत्या, त्यातली एकच उगवली. पुढं त्या दरीत धरण झालं आणि तिथली झाडं पाण्याखाली गेली. बागेतल्या बाकी प्रत्येक झाडाला शेजारी नाहीतर पलीकडच्या ओळीत कुणी ना कुणी भाऊबंद होता. याला कुणीच नाही. म्हणून माळ्यांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. त्याच्या फांद्या छाटून मातीत लावायचे, वाळूत लावायचे, औषधात बुडवून लावायचे सगळे प्रयोग झाले होते. एकालाही मूळ फुटलं नाही. म्हणजे पाहुणा होता तोवर झाडाची ती जात जगात होती, तो गेला की संपलं.

आणि पाहुणा चालला होता. तीन वर्षांपासून त्याचा शेंडा वाळत खाली येत होता. पानं उन्हाळ्याच्या आधीच पिवळी पडत. त्या वर्षी थंडी उतरताना बाहेरून एक तज्ज्ञ साहेब आले. त्यांच्याकडे मातीत खुपसायची नळी होती, बाटल्या होत्या, भिंग होतं. त्यांनी मुळं तपासली आणि अहवाल दिला, मूळकूज. रोग शेजारच्या झाडांत पसरण्याआधी झाड पाडावं, बुंधा उपटावा, सगळं जाळावं. बागेच्या संचालिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि सही केली. येत्या सोमवारी पाडायचं ठरलं. खोडावर लाल रंगाची फुली आली.

शुक्रवारी दुपारी बिल्लाबाई तिथं गेली ती क्रमांकाचा खांब उपटायला; ज्याचा बिल्ला टिकत नसे, त्या झाडाशेजारी असा खांब रोवत. झाड जाणार म्हणजे त्याचा खांबही जाणार, आणि नोंदवहीत शेवटची ओळ लिहायची ती हिनंच. तिथं करवतवाला आधीच उभा होता, दोर कुठून टाकायचा ते बघत. हा माणूस दाराच्या चौकटीएवढा, पण सुरवंट दिसला की टुणकन उडी मारणारा.

"सोमवारी सकाळी सकाळीच उरकून टाकू," तो म्हणाला. "मला नाही बघवत त्याच्याकडे. अगं, गेल्या दहा वर्षांत याची एक काटकी मी उगीच तोडली नाही."

"मग आज कशाला आलास?"

"भेटायला," तो म्हणाला आणि लाजला.

बिल्लाबाई खांब हलवायला वाकली. वाकताना तोल जाऊ नये म्हणून तिनं एक हात खोडाला टेकवला, गुडघ्याच्या उंचीवर. आणि हात तिथंच राहिला. हाताखाली खोड फुगलं होतं. त्याच्या वीतभर खाली बोटं नेली तर तिथं खोड बारीक. मधे एक वळ. तिचा नवरा शिंपी. घट्ट नाडी बांधून दिवसभर हिंडलेल्या माणसाच्या कंबरेवर जसा वळ उठतो, तसा तो वळ होता, आणि अशा वळांबद्दल तिनं खूप ऐकलं होतं, कारण गिऱ्हाइकं त्याचीच तक्रार घेऊन दुकानात येत. तिनं खिशातला चाकू काढला आणि वळातली मेलेली साल थोडी उकरली. पातं खटकन कशाला तरी लागलं. धातूला.

"काय गं?" करवतवाला म्हणाला.

"काही नाही. जा तू, तुझा चहा गार होतोय."

तो गेल्यावर तिनं आणखी उकरलं. आत दुहेरी पिळलेली जाड तार होती. तारेला, सालीच्या पोटात गिळलेला, एक बिल्ला होता. तिनं तो पुसला. ४१७. सातचा आकडा किंचित डावीकडे कललेला. पहिल्या दोन वर्षांत तिचा सात असाच कलायचा.

ती तिथंच मातीत बसली.

सगळं डोळ्यांपुढं आलं. शाळेच्या सहली यायच्या आणि मुलं बिल्ले खिशात घालून न्यायची. पाहुणा तेव्हा अंगठ्याएवढा होता. त्याचा बिल्ला तीनदा गेला. नियम होता, तार बारीक घ्यायची, वेढ्यात दोन बोटं जातील एवढी ढील ठेवायची, आणि दर दोन वर्षांनी सैल करायची. चौथ्या वेळी तिचं डोकं फिरलं. तिनं कुंपणाची जाड तार घेतली, दुहेरी केली, पकडीनं पीळ दिला, अगदी बुडाशी, गवतात लपेल असा. "ने म्हणावं आता," असं मोठ्यानं म्हणालीसुद्धा होती. दोन वर्षांनी फेरी घेतली तेव्हा गवतात बिल्ला दिसला नाही. तिनं नोंदवहीत लिहिलं, "बिल्ला चोरीस. खांब रोवला." सुवाच्य अक्षरात.

चोर कुणी नव्हताच. झाड वाढत गेलं आणि तार होती तिथंच राहिली.

झाडाचं जेवण पानांत शिजतं आणि सालीखालून मुळांकडे उतरतं, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. गळ्याशी फास असल्यावर घास उतरणार कुठून? पाहुण्याची मुळं रोगानं कुजली नव्हती. ती उपाशी मेली होती, हळूहळू. आणि उपाशी ठेवणारी ती होती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. रोपवाटिकेच्या मुकादमाची जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर बिल्लाबाईचं नाव गेलं होतं. बागेच्या इतिहासात बाईमाणूस मुकादम झाली नव्हती. कागद आठवड्याभरात यायचा होता. तिनं उकरलेल्या जागी माती दाबली असती, तर सोमवारी झाड जळालं असतं, तारही त्याच राखेत गेली असती आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

संध्याकाळी घरी तिनं तारेच्या तुकड्यासकट सोडवून आणलेला बिल्ला शिवणाच्या मशीनवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पुढच्या खोलीतच दुकान होतं. नवरा एका पाटलोणीची दुमड उसवत होता. त्याचे हात थांबले.

"मॅडमना सांगणारेस?"

"हो."

लेक शिक्षिका व्हायचं शिकत होती आणि त्यामुळे तिला घरात सगळ्यांचे कान धरायचा अधिकार आपोआप मिळाला होता. ती म्हणाली, "आई, तू वेडी आहेस का? कुणाला कळणार आहे? झाड तर असंही चाललंय."

"मला कळलंय ना."

"अगं पण सांगून झाड वाचणार आहे का?"

"ते नाही माहीत. पण न सांगता नक्की मरणार आहे. त्यांना वाटतंय रोग आहे. रोग नाहीच तो."

नवऱ्यानं बिल्ला उचलून दिव्याखाली धरला, सातच्या आकड्यावरून बोट फिरवलं. "मुकादमीचं बघू मग," तो म्हणाला. "आधी कलमवाले काकांना विचार. फास सोडवल्यावर काय करायचं ते त्यांनाच माहीत असणार."

कलमवाले काका बागेचे निवृत्त कलमतज्ज्ञ. वय ऐंशीच्या पुढं. नजर घारीची, पण हात असे थरथरत की चहा बशीतून प्यावा लागे. शनिवारी सकाळीच ती त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांनी बिल्ला पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"अगं बये, झाडाला दागिना घातलास की फास?"

तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस. रडून साल जुळत नाही. बुडाशी फुटवे आहेत का?"

होते. वळाच्या खालून आठ-दहा कोवळ्या काठ्या फुटल्या होत्या. दरवर्षी माळी त्या अस्ताव्यस्त दिसतात म्हणून छाटत. या वर्षी झाड जाणारच म्हणून कुणी हात लावला नव्हता.

काका खुर्चीत ताठ झाले. "मग पूल बांधायचे. खालच्या जित्या सालीपासून वरच्या जित्या सालीपर्यंत, मधली मेलेली जागा ओलांडून. एकेक काठी म्हणजे एकेक पूल. त्यावरून जेवण खाली उतरेल. मी आयुष्यात चारदा केलंय. दोनदा जमलं."

"हात कुणाचे?"

"तुझे. माझ्या हातांनी आता मिशीसुद्धा धड कापता येत नाही."

त्याच सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली. तज्ज्ञ साहेब तिथंच बसले होते, पाडकामाच्या सूचना द्यायला थांबलेले. तिनं तारेचा तुकडा आणि बिल्ला टेबलावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

तज्ज्ञ साहेब म्हणाले, "बाई, मुळं मी स्वतः पाहिलीत. ती कुजलेली आहेत."

"कुजलीत साहेब, नाही कोण म्हणतंय? पण उपाशी राहिली म्हणून कुजली. काठावरची गेलीत, बुडाजवळची अजून पांढरी आहेत. नाहीतर फुटवे कुठल्या जिवावर आले असते?"

तज्ज्ञ साहेबांनी आपला अहवाल पुन्हा उघडला. फुटव्यांचा विचार त्यांनी केला नव्हता.

मॅडमनी बिल्ला हातात घेतला. "ही तार कुणी बांधली?"

"मी."

"मुकादमीचा कागद माझ्या टेबलावर आलाय. कालच. माहीत आहे तुला?"

"नव्हतं माहीत."

मग मॅडम म्हणाल्या, "कागद मी थांबवून ठेवते. झाडही थांबवते. पूर्ण पालवी येईपर्यंत मुदत. तोवर सुधारणा दिसली नाही, तर साहेबांचा अहवाल कायम. आणि नोंदवहीत खरी नोंद लिही. आजच."

तिनं नोंदवही उघडली. "बिल्ला चोरीस" या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, "बिल्ला चोरीस गेला नव्हता. जाड तार घट्ट बांधल्यामुळे सालीत गेला. बांधणारी मीच." खाली सही. पाइपवाली मागून डोकावत होती. "काय गं हे, स्वतःच्याच नावानं बोंब?" असं म्हणाली, आणि मग कधी नव्हे ती तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

बातमी बागेत वाऱ्यासारखी गेली. काहींनी तोंडावर टोमणे मारले. "आता झाडं बांधायला हिला बोलवायचं की सोडवायला?" ती ऐकून घेई. उत्तर द्यायचं ते हातानं द्यायचं होतं.

बुधवारी काम काढलं. काकांना खुर्चीसकट उचलून आणलं, एका बाजूला करवतवाला, दुसऱ्या बाजूला पाइपवाली. काका वरून ओरडत होते, "मिरवणूक काढताय की अंत्ययात्रा? हळू जरा!" आदल्या दोन दिवसांत करवतवाल्यानं शेंड्याची वाळकी लाकडं उतरवून वाट मोकळी केली होती. उरलेली तार तुकडे तुकडे करून काढली होती. वळाभोवतीची मेली साल खरवडून काढल्यावर खोडाला वीतभर रुंदीचं उघडं कडं दिसत होतं, हाडासारखं.

फुटवे कापले. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आठ काठ्या. काका म्हणाले, "प्रत्येकीच्या वरच्या टोकाला धागा बांध. काठी उलटी लागली तर झाड तिला ओळखत नाही. वरचं वरच, खालचं खालीच." नवऱ्यानं दिलेला लाल दोरा तिनं प्रत्येकीला बांधला. एकीचा दोरा हाताळताना सुटला. तिनं अंदाजानं पुन्हा बांधला.

मग खोडापुढं गुडघे टेकून तिनं डोळे मिटले, हात जोडले. काय मागितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. उठली आणि चाकू घेतला.

"खालच्या सालीत उभी चीर दे. बोटभर. खोल नको, लाकडाला नुसतं टेकू दे. हां. आता काठीचं टोक तिरकं छाट. एका फटक्यात! करवतीसारखं घासू नकोस, ते याचं काम आहे." करवतवाला हसला. "आता सालीखाली सरकव. पाचर ठोकतात तशी. बारीक खिळा. वरच्या टोकाला तसंच. काठी ताणू नकोस गं, जरा कमान राहू दे. वाऱ्यानं खोड हललं तर पूल तुटायला नको."

काकांची नजर आणि तिचे हात. आठ पूल बांधायला सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत वेळ लागला. वरून मेण फासलं. शेवटच्या पुलावर मेण लावून ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांवर मातीचे दोन गोल आणि हाताला चार ठिकाणी चिरा. काकांनी खुर्चीतून वाकून एकेक जोड पाहिला. मग पाइपवालीला म्हणाले, "चहा आण. बशीतून नको. आज कपातून पितो." आणि दोन्ही हातांनी कप धरून, अर्धा सांडत, अर्धा प्यायले.

पुढचे दिवस सगळ्यांत कठीण गेले, कारण करायला काहीच नव्हतं. बिल्लाबाई कामावर येताना एकदा आणि जाताना एकदा पाहुण्याकडे जाई. एकोणिसाव्या दिवशी तिसऱ्या पुलावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब दिसला. तिनं धावत जाऊन काकांना सांगितलं. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "खुडून टाक."

"काका!"

"तो काठीच्या स्वतःच्या शिदोरीवर आलाय. असा कोंब बाटलीत ठेवलेल्या काडीलासुद्धा येतो. खुड. दुसऱ्यांदा फुटला तर मला सांग. तेव्हा समज की झाड तिला पोसतंय."

तिनं खुडला. त्या आठवड्यात आणखी पाच पुलांवर कोंब आले, तेही तिनं खुडले. बागेतली झाडं हिरवीगार होत होती, सगळीकडे पालवी होती, आणि मुदत म्हणजे तीच पालवी. पाहुण्याच्या फांद्यांवर मात्र कळ्या नुसत्या फुगून बसल्या होत्या. टोमणे मारणारे आता टोमणेही मारत नव्हते, हे तिला जास्त लागलं.

मुदत संपायला जेमतेम चार दिवस उरले असतील. सकाळी करवतवाला तिला फाटकातच गाठायला आला, धापा टाकत.

"काय झालं? पडलं का?"

"चल," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या पुलावर, खुडलेल्या जागेच्या शेजारी, दुसरा कोंब होता. चौथ्यावर होता. सहाव्यावर दोन होते. ती एकेक पूल मोजत खोडाभोवती गुडघ्यांवर फिरली. सहा. आठातले सहा. वाळलेल्या दोनांपैकी एक तीच काठी होती, जिचा दोरा सुटला होता. मग करवतवाला म्हणाला, "खाली काय बघतेस, वर बघ की!"

वर पाहुण्याच्या जित्या फांद्यांवर, टोकापासून टोकापर्यंत, तांबूस कोवळी पानं उलगडत होती. गेल्या तीन वर्षांत कधी आली नव्हती एवढी. कुठल्या पानाला पिवळी कड नव्हती.

बिल्लाबाई त्या दिवशी रडली नाही. ती हसत सुटली. इतकी, की पाइपवालीनं नळ उघडा टाकून धाव घेतली आणि तीही काय झालं ते न विचारता हसायला लागली. करवतवाला दोन्ही हात वर करून नाचला आणि नाचता नाचता मानेवर सुरवंट पडला म्हणून आणखी नाचला. दहा मिनिटांत अख्खी बाग तिथं जमा झाली. ज्यांनी टोमणे मारले होते तेही आले. त्यातला एक वाफ्यांवरचा माळी पुढं येऊन म्हणाला, "बिल्लाबाई, मी बोललो होतो ते मागं घेतो. दाखव बरं, कमान किती ठेवायची?"

मॅडम आल्या तेव्हा लोकांनी वाट दिली. त्यांनी वाकून पूल पाहिले, एकेक. उभ्या राहिल्या आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. आज द्यायचा म्हणून आणला होता, की रोज खिशात असायचा, ते कुणाला कळलं नाही.

"चुकीबद्दल शिक्षा द्यायला हवी होती मी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "देतेच. आजपासून बागेतला एकेक वेढा मोजायचा. तीन हजार झाडं. जिथं तार असेल तिथं स्प्रिंगचा बिल्ला लावायचा, झाडाबरोबर सैल होणारा. हे काम मुकादमानं जातीनं करायचं. आणि मुकादम ही आहे."

टाळ्या अशा वाजल्या, की फाटकावरचा पहारेकरी काय भानगड आहे ते बघायला जागा सोडून आला. त्या संध्याकाळी बिल्लाबाई कागद घेऊन आधी घरी गेली नाही, काकांकडे गेली. काकांनी कागद वाचला नाही. एवढंच विचारलं, "दुसऱ्यांदा किती?"

"सहा."

"मग माझे आता पाचपैकी तीन," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, म्हणजे डोळे पुसले.

तीन हजार झाडांचे वेढे मोजायला तिला सव्वा वर्ष लागलं. घट्ट तार निघाली एकूण एकतीस झाडांवर. त्यातली बहुतेक तिच्या आधीच्या माणसानं बांधलेली, तीन झाडांवरची नवख्या माळ्यांनी. कुणाचं नाव तिनं वर कळवलं नाही. तारा कापल्या, जखमा धुतल्या, आणि दोन झाडांना पुन्हा पूल बांधले. नवरा दोऱ्याचं रीळ देताना म्हणाला, "शिंपी मी, टाके तूच जास्त घालतेस."

आणि पाहुणा? पूल जाड होत गेले, आधी बोटाएवढे, मग अंगठ्याएवढे. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्याखाली बसून डबा खाता येईल एवढी सावली पडली. बाहेरचे लोक विचारत, हे सहा पायांचं झाड कुठलं?

त्याच सुमाराला मॅडमच्या टेबलावर एक पत्र आलं. तज्ज्ञ साहेबांचं. ते आता दुसऱ्या एका मोठ्या बागेचे प्रमुख झाले होते. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की आपला तो अहवाल चुकीचा होता हे आपण आपल्या विद्यार्थ्यांना आता स्वतःहून सांगतो. पुढं त्यांचेच शब्द होते: आमच्या बागेत एक जुनं झाड आहे, कुंपणाची तार त्याच्या पोटात गेली आहे. आमच्याकडे पदव्या भरपूर आहेत, हे काम येणारं माणूस एकही नाही. तुमच्या मुकादमबाई येतील का?

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास, दोन दिवसांचा. लेकीनं तिच्या पिशवीत चाकू, मेण आणि बारीक खिळे नीट कागदात बांधून दिले आणि सतरा सूचना केल्या. त्या बागेत पोचली तेव्हा झाडाभोवती पंचवीस-तीस माणसं वही-पेन घेऊन उभी होती. साहेब पुढं आले आणि तिच्यापुढं वाकले. लोकांना म्हणाले, "या माझ्या गुरू. यांनी मला मूळ बघायला शिकवलं."

तिला बोलायची सवय नव्हती. तिनं झाडाकडे पाहिलं. केवढं ते झाड, चार माणसांनी कवेत घ्यावं असं. तिनं खोडावरून हात फिरवला, खाली, वर, आणि पुन्हा खाली. मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. मग बाह्या वर सारल्या आणि त्या सगळ्या शिकलेल्या माणसांकडे वळून म्हणाली, "वह्या ठेवा बाजूला. हात धुऊन या. याला निदान वीस पूल लागतील, आणि ते मी एकटी बांधणार नाही."

सगळे हात धुवायला पळाले. सगळ्यांत पुढं साहेब होते.